हापूसची पेटी आणि ग्राहकाशी थेट नाते

हापूस आंब्याच्या व्यापाराची रीत अनेक दशके ठरलेली होती. रत्नागिरी, राजापूर, देवगड, वेंगुर्ले या भागांतील बागायतदाराने झाडावरून फळ उतरवायचे, लाकडी पेटीत पेंढा घालून भरायचे आणि रात्रीच्या ट्रकने मुंबईच्या बाजारात दलालाकडे धाडायचे. पेटीवर बागायतदाराचे नाव किंवा खूण रंगवलेली असे. पण ती वाचणारा दलाल आणि फार तर घाऊक व्यापारी. दादरच्या दुकानातून किंवा पुण्याच्या मंडईतून डझनभर आंबे नेणाऱ्या गृहिणीपर्यंत ते नाव पोचत नसे. आंबा घरी कसा निघाला, हे बागायतदाराला कळत नसे आणि तो कोणाच्या बागेतला, हे ग्राहकाला. दलालाकडून विक्रीची पट्टी हाती पडली की व्यवहार संपला.

या रीतीला गेल्या दशकात एक समांतर वाट फुटली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि बाजार आवाराबाहेर आपला माल विकण्याची मोकळीक शेतकऱ्याला मिळाली. त्याच वर्षी यूपीआयची सेवा सुरू झाली, सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे स्वतंत्र अ‍ॅप आले. साधने हाताशी होती. त्यांचा सर्रास वापर मात्र मार्च २०२० च्या टाळेबंदीने करायला लावला. हंगाम नेमका तोंडावर आलेला, झाडावर फळ तयार, वाशीच्या बाजारपेठेतील व्यवहार विस्कळीत आणि मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक घरात कोंडलेले. गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर मागणी गोळा होऊ लागली आणि आंब्याचे टेम्पो थेट सोसायटीच्या फाटकाशी उभे राहू लागले. मे महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली. तिच्या गाड्यांतूनही कोकणातील पेट्या मुंबईला आल्या.

त्या वर्षी ग्राहक आपणहून चालत आला. त्याला दुसरा मार्गच नव्हता. बाजार पूर्ववत झाल्यावर हाच ग्राहक टिकवायचा कसा, हा खरा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. फेसबुकवर पान उघडले, पिकलेल्या फळांची चार छायाचित्रे टाकली, खाली मोबाइल क्रमांक दिला, म्हणजे ग्राहकाशी नाते जुळले अशी समजूत अनेकांची असते. वस्तुतः ती केवळ दुकानावरची पाटी झाली, आणि तशाच पाट्या शेजारी शेकडो. समाजमाध्यमाने बागायतदाराच्या हाती दिलेली नवी गोष्ट जाहिरात ही नव्हेच. जाहिरात पूर्वीही करता येत होती. पेटी फोडल्यानंतर काय झाले, हे ग्राहक आता थेट बागायतदाराला सांगू शकतो आणि त्याचे उत्तर मिळवू शकतो, ही नवी गोष्ट आहे. दलाल मधून गेला की त्याचा वाटा वाचतो खरा. पण दलालाच्या आड लपलेली तक्रारही थेट दारात येते.

साक्याचा प्रश्न

हापूसच्या बाबतीत ही तक्रार विशेष अवघड आहे. या जातीच्या फळात साका होतो. बाहेरून फळ निर्दोष, रंग उत्तम, वास उत्तम. कापल्यावर आत गराचा काही भाग पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस निघतो. सालीवरून तो ओळखण्याचा साधा मार्ग नाही. प्रामाणिकातल्या प्रामाणिक बागायतदाराच्या पेटीतही साक्याचे फळ जाऊ शकते. झाडावर फळ अधिक पक्व होऊ दिले तर साक्याचे प्रमाण वाढते, म्हणून जाणकार बागायतदार साधारण ८० ते ८५ टक्के पक्वतेला, कोकणच्या बोलीत ‘चौदा आणे’ झाल्यावर, फळ उतरवतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ या जातीत हा दोष नाही. परंतु ग्राहकाच्या जिभेला हवा असतो तो हापूसच.

मंडईतून घेतलेल्या आंब्यात साका निघाला तर गृहिणी दुकानदाराला दोन शब्द सुनावून मोकळी होते. थेट मागवलेल्या पेटीत तो निघाला तर कापलेल्या फळाचे छायाचित्र पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि अनेकदा ते एकट्या बागायतदाराला न पाठवता सोसायटीच्या गटावर टाकले जाते. दोनशे बिऱ्हाडे ते पाहतात. या क्षणी बागायतदार काय करतो, त्यावर पुढच्या वर्षीची मागणी ठरते. काही विक्रेते मौन पाळतात, काही ‘आमचा माल असा नसतोच’ असे बजावतात. दोन्ही उत्तरे घातक, दुसरे अधिक. कारण छायाचित्र सर्वांसमोर असते आणि ‘असा नसतोच’ म्हणणारा खोटा ठरतो.

याउलट, साका म्हणजे काय, तो का होतो, बाहेरून का दिसत नाही, हे बागायतदाराने हंगाम सुरू होतानाच चार ओळींत आणि एका छायाचित्रासह ग्राहकांना सांगून ठेवले, तर त्याच तक्रारीचा सूर बदलतो. ‘अमुक दिवसांच्या आत छायाचित्र पाठवा, तेवढी फळे पुढच्या पेटीत जादा मिळतील’ असा नियमही आधीच लिहून ठेवता येतो. पैसे परत देण्यापेक्षा फळ भरून देणे दोघांच्या सोयीचे, कारण पुढची पेटी घेण्याचे निमित्तही त्यातच असते. हंगामाची अखेर असेल तर मात्र रक्कम परत करणेच न्याय्य. एखादा ग्राहक तेच छायाचित्र दोनदा पाठवून फायदा उपटेल, ही भीती अनेकांना वाटते. असे लोक असतात. पण मूठभर लबाडांच्या धास्तीने सगळ्यांनाच संशयाने वागवणारा विक्रेता भरलेल्या अंगणातून गिऱ्हाईक घालवतो.

तक्रार गटावर आली असेल तर पहिले उत्तरही गटावरच द्यावे. ‘फळ खराब निघाले, वाईट वाटले, भरून देतो’ एवढे पुरे. पुढचा तपशील खासगीत बोलावा. तक्रारदाराला एकट्याला गाठून गुपचूप समजूत घातली तर उरलेल्या दोनशे बिऱ्हाडांना तक्रार दिसते, निवारण दिसत नाही.

उत्तराच्या वेळेचाही प्रश्न असतो. हंगामात बागायतदार पहाटेपासून बागेत. झेल्याने फळ उतरवणे, देठाचा चीक फळावर पडू न देणे, प्रतवारी, भरणी यांत दिवस जातो. शहरातील ग्राहकाला मात्र दुपारी बाराला पाठवलेल्या संदेशाचे उत्तर साडेबाराला हवे असते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील आपोआप जाणाऱ्या संदेशाची सोय येथे उपयोगी पडते. ‘आता बागेत आहोत, रात्री आठनंतर उत्तर देतो’ असे त्यात लिहिले आणि आठनंतर खरोखर उत्तर दिले, तर कोणाची तक्रार नसते. यंत्राने पाठवलेल्या ‘आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ छापाच्या वाक्याने मात्र बँकेच्या दूरध्वनीवर ताटकळल्याची आठवण तेवढी होते.

खरा देवगड कोणता?

ग्राहकाच्या मनातील दुसरी शंका फळाच्या मुळाविषयी असते. कर्नाटकातून येणारा, दिसायला हापूससारखा आंबा कोकणच्या नावाने विकला जातो, ही जुनी तक्रार आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे या जिल्ह्यांबाहेरच्या फळाला हे नाव लावता येत नाही आणि नोंदणीकृत उत्पादकाला मानांकनाचे चिन्ह वापरता येते. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात एक पाऊल पुढे टाकून प्रत्येक फळावर लावायच्या, स्वतंत्र सांकेतांक असलेल्या चिकटपट्ट्या आणल्या. ग्राहकाने पट्टीचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फळाचा मूळ ठावठिकाणा पडताळावा, अशी ही योजना. जे काम पूर्वी पेटीवरच्या रंगीत खुणेने अर्धवट होत असे, ते आता फळागणिक आणि थेट खाणाऱ्यापाशी होऊ शकते.

ज्याच्याकडे अशी पट्टी नाही त्यालाही विश्वास मिळवता येतो, मात्र त्यासाठी छायाचित्रांचा हव्यास सोडावा लागतो. सोनेरी फोडींचे चकचकीत चित्र कोणीही कोठूनही उचलून टाकतो. ज्याने आंब्याचे झाड पाहिलेले नाही असा विक्रेताही ते टाकतो आणि आगाऊ रक्कम घेऊन पसार होतो. अशा फसवणुकीचा फटका प्रामाणिक बागायतदाराला बसतो, कारण पुढच्या वेळी ग्राहक सर्वांकडेच संशयाने पाहतो. उचलता न येणारी गोष्ट म्हणजे बागेचा रोजचा क्रम. डिसेंबरातला मोहोर, तुडतुड्यांचा उपद्रव, फेब्रुवारीतली सुपारीएवढी फळे, अवकाळी पावसाने झालेली गळ, अढीत लावलेली फळे, असे महिनोन्‌महिने थोडेथोडे दाखवणाऱ्याची नक्कल करणे भामट्याला परवडत नाही. त्यासाठी कॅमेरा उत्तम असण्याची गरज नाही. गावाचे नाव, दिनांक आणि चालू आवाजात सांगितलेली एखादी गोष्ट पुरते. मालवणी हेल असला तर उत्तमच.

शब्दांबाबतही तेवढीच काळजी हवी. ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ हे शब्द इतके वापरले गेले आहेत की त्यांत अर्थ उरलेला नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात बंदी आहे. इथिलीन वायूचा मर्यादित वापर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्य केला आहे. फळ गवताच्या अढीत पिकवले की इथिलीनच्या खोलीत, हे सरळ सांगावे. ‘मोठा’, ‘मध्यम’ असे मोघम आकार सांगण्याऐवजी फळाचे वजन ग्रॅममध्ये द्यावे. भावाचेही तसेच. मार्चमध्ये चढ्या दराने पेटी घेणाऱ्याला मे महिन्यात तीच पेटी बऱ्याच कमी दरात दिसली की आपण फसलो असे वाटते. आवक वाढली की दर उतरतो, हे त्याला आरंभीच सांगितलेले असेल तर घाई असलेला पाडव्याला घेईल आणि नसलेला अक्षय्य तृतीयेनंतर, दोघेही समाधानी.

यादी, गट आणि स्टेटस

कोणते माध्यम कशासाठी, याचा गोंधळ बराच आढळतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुक अनोळखी माणसाला दाखवण्यासाठी ठीक. ओळख झालेल्या ग्राहकाशी बोलण्याची जागा व्हॉट्सअ‍ॅप. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र व कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केल्यापासून व्यावसायिक पानांवरील मजकूर विनामूल्य फारसा पसरत नाही. तेथे पसंतीचे अंगठे मोजत बसणे व्यर्थ आहे. शंभर अंगठ्यांतून एक पेटी खपेलच असे नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांचा गट करणे ही सर्वांत सामान्य चूक म्हणावी लागेल. गटात घातलेल्या प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. त्यातला एखादा विमा विकणारा निघाला की सगळे त्रासतात आणि रोष मात्र गट करणाऱ्यावर येतो. त्याऐवजी प्रसारण यादी वापरावी. एका यादीत २५६ जणांना एकच संदेश जातो, पण तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळतो आणि उत्तरही फक्त पाठवणाऱ्याकडे येते. ज्याने बागायतदाराचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये साठवला आहे त्यालाच हा संदेश पोचतो, ही अट अनेकांना अडचण वाटते. खरे तर ती चाळणी आहे. क्रमांक साठवणारा तोच खरा ग्राहक. पेटीत ‘हा क्रमांक साठवून ठेवा, पुढच्या हंगामाची वर्दी मिळेल’ अशी चिठ्ठी टाकली की काम होते.

सोसायटीच्या गटाचे गणित वेगळे. तो गट रहिवाशांचा असतो, विक्रेत्याचा नव्हे. तेथे एखादा रहिवासी पुढाकार घेऊन वीस-पंचवीस घरांची मागणी एकत्र करतो; बागायतदाराची वाहतूक एका फेरीत भागते. अशा रहिवाशाचा मान राखावा, त्याला पेटीमागे काही सवलत द्यावी आणि ती उघडपणे द्यावी. ती झाकून दिली आणि नंतर शेजाऱ्यांना कळली, तर आंब्याबरोबर शेजारधर्मही नासतो.

संदेश किती पाठवावेत, याला मोजमाप नाही. कमी हेच बरे. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह सुप्रभात धाडणाऱ्या विक्रेत्याला ग्राहक तिसऱ्या दिवशी गप्प करतो, आणि मग पेटी तयार असल्याची वर्दीही त्याला दिसत नाही. रोजचे काही दाखवायचेच असेल तर त्यासाठी स्टेटस आहे. ते चोवीस तासांत आपोआप नाहीसे होते आणि ज्याला पाहायचे तोच पाहतो.

परदेशातील मराठी माणूस हाही या व्यवहारातील एक ग्राहक आहे. तो पैसे तिकडून भरतो आणि पेटी पुण्याला किंवा डोंबिवलीला आईवडिलांकडे पोचवायला सांगतो. पेटी पोचल्याचे, आईने ती उघडल्याचे एक छायाचित्र त्याला पाठवले तर तो आणखी दोघा मित्रांना क्रमांक देतो. पण ‘थेट न्यू जर्सीला पाठवाल का?’ या प्रश्नाला स्पष्ट नकार द्यावा. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार २००७ मध्ये उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. घरगुती कुरिअरने ते साधणारे नाही.

माध्यम भाड्याचे, वही स्वतःची

समाजमाध्यमावर उभारलेला धंदा म्हणजे परक्याच्या जागेत मांडलेले दुकान. जागामालकाची मर्जी फिरली की दुकान उठते. एके काळी घराघरांत पोचलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये टिकटॉकही होते. त्यावर जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाले. तो दिवस एप्रिलचा असता आणि रस्त्यात पेट्यांचा टेम्पो असता, तर चालकाला पत्ते कोठून सांगायचे?

म्हणून ग्राहकांची यादी मोबाइलबाहेरही हवी. संगणकावर ठेवावी किंवा दोनशे पानी वहीत. नाव, पत्ता, किती डझन, फळ कच्चे हवे की तयार, घरात मधुमेही असल्याने छोटी पेटी लागते का, गेल्या वर्षी किती फळांत साका निघाला आणि ती भरून दिली का, असे सारे त्यात असावे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘नवी मागणी’, ‘पैसे येणे’ अशी लेबले लावता येतात. ती रोजच्या कामाला चांगली, पण गेल्या वर्षीचा साका त्यांना आठवत नाही. वही वाचून मार्चमध्ये ‘गेल्या वेळची तीन फळे राहिली होती, ती या पेटीत घालतो’ असा संदेश एखाद्या ग्राहकाला गेला, तर त्याला दुसऱ्या जाहिरातीची गरज नाही.

अशी यादी जपणे हीदेखील जबाबदारी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाच्या माहितीच्या वापरासाठी त्याची संमती हा पाया मानला आहे. आंब्यासाठी दिलेला क्रमांक काजूवाल्या मेहुण्याला परस्पर देणे कायद्यालाही धरून नाही आणि रीतीलाही.

पाऊस सुरू झाल्यावर

जूनच्या पहिल्या सरींबरोबर हंगाम संपतो आणि बहुतेक विक्रेते गप्प होतात. मग मार्चमध्ये एकदम दर कळवणारा संदेश येतो आणि ‘हे कोण?’ असे ग्राहक विचारतो. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या महिलांचीही हीच अडचण. वर्षातले तीन आठवडे काम आणि उरलेले वर्ष विस्मरण.

या मधल्या महिन्यांत फार काही करावे लागत नाही. जूनमध्ये हंगाम संपल्याचा एक संदेश पाठवावा, राहिलेली देणी-घेणी त्यातच मिटवावीत आणि पीक कसे आले हे मोकळेपणाने लिहावे. वाईट आले असेल तर तसे. आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कुळथाचे पीठ यांसारखा माल असेल तर पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा कळवावे. प्रक्रिया केलेले पदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी मात्र आधी करून घ्यावी. नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोर फुटला की त्याचे छायाचित्र आणि यंदा फळ साधारण कधी येईल याचा अंदाज पाठवावा. थंडी लांबली, मोहोर उशिरा आला, पहिली पेटी पाडव्याला मिळणार नाही, हे ग्राहकाला जानेवारीतच ठाऊक असले, तर पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याचा रागाचा फोन येत नाही.